नीलकंठ खरंच कमी झालाय का? पक्षी मोजणाऱ्या अ‍ॅपमागचं गणित

दिवाळीला गावी जाताना अंबड रस्त्यावर तारांवर बसलेले नीलकंठ मोजायचे, हा माझा आणि बहिणीचा लहानपणीचा खेळ. ती बसच्या एका खिडकीशी, मी दुसऱ्या. यंदा त्याच रस्त्यावर वडील म्हणाले, "आता पूर्वीसारखे दिसत नाहीत रे." मी इंजिनिअर माणूस, लगेच विचारलं, "कशावरून?" ते म्हणाले, "मग तूच शोध."

तर शोधलं. पक्ष्यांना आधार कार्ड नसतं, मग देशभरातले नीलकंठ वाढले की घटले हे कुणी कसं सांगायचं?

सध्या याचं मुख्य साधन म्हणजे ई-बर्ड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीसोबत २००२ मध्ये हे सुरू केलं. मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं, 'सुरू' दाबायचं, पक्षी बघायचे, यादी भरायची. वेळ आणि अंतर फोन स्वतः नोंदवतो. आकडा नक्की माहीत नसेल तर नुसता 'एक्स' टाकला तरी चालतो. जागेच्या किंवा महिन्याच्या मानाने विचित्र नोंद आली, तर ती स्वयंसेवक तपासतात.

पण खरी गंमत यादी पाठवताना येणाऱ्या एका प्रश्नात आहे. 'ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले का?' हा प्रश्न मला आधी उगाच वाटला होता. मग लक्षात आलं की सगळा डेटाबेस याच्यावर उभा आहे. तुम्ही 'हो' म्हटलंत आणि यादीत नीलकंठ नसेल, तर तो तुम्हाला आढळला नाही ही नोंद आपोआप होते. म्हणजे शून्यसुद्धा डेटा होतो. 'नाही' म्हटलंत, तर नीलकंठ नव्हता की लिहायचा राहिला, हे कुणालाच कळत नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण बघा. एका भागातून आधी १०० पूर्ण याद्या आल्या, त्यातल्या ४० मध्ये नीलकंठ होता. काही वर्षांनी अ‍ॅप लोकप्रिय झालं आणि १०,००० याद्या आल्या, पैकी २,५०० मध्ये नीलकंठ. नोंदी ४० वरून २,५०० वर गेल्या, वाटतं वा! पण टक्केवारी ४० वरून २५ वर आली. नुसत्या नोंदी मोजल्या तर वाढली ती पक्षी बघणाऱ्यांची संख्या. याला नोंद-वारंवारता म्हणतात.

अर्थात एवढ्यावर भागत नाही. पाच मिनिटांची यादी आणि तीन तासांची यादी सारखी कशी धरणार? म्हणून यादीत एकूण किती जाती आहेत, यावरून किती मेहनत झाली याचा अंदाज बांधतात आणि तेवढी दुरुस्ती गणितात करतात. नकाशाचेही चौकोन पाडतात, नाहीतर जिथे पक्षीनिरीक्षक जास्त तिथलाच आवाज देशभर ऐकू येईल.

या पद्धतीने बनलेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये आला. सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्यातल्या ३३८ जातींचाच दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यात ६० टक्के घटलेल्या निघाल्या. मोर मात्र वाढलाय, हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. आणि नीलकंठ? ज्या १४ जातींचा धोक्याचा दर्जा जागतिक पातळीवर पुन्हा तपासावा असं अहवाल म्हणतो, त्यात तो आहे. शेजारच्या तेलंगणाचा हा राज्यपक्षी. माळरानासारख्या मोकळ्या जागेतले पक्षी जास्त घटल्याचंही अहवाल सांगतो.

वडील जिंकले, असं मी लगेच म्हटलं नाही. कारण हा कल देशाचा आहे, अंबड रस्त्याचा नाही. पुण्या-मुंबईकडून याद्यांचा पाऊस पडतो, आपल्याकडून थेंब थेंब. १९३१-३२ मध्ये सालीम अलींनी हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानात होता. पण तुलनेला आजच्या याद्या नकोत का? रिकामा चौकोन बघून पक्षी नाहीत की बघणारे नाहीत, हे कुठलंही मॉडेल सांगू शकत नाही. उलट जुनी वही असेल तर तारीख आणि ठिकाणासह त्या नोंदी आजही ई-बर्डवर चढवता येतात. २००० पूर्वीचा बराच डेटा असाच आला आहे.

पक्षी ओळखता येत नाहीत? मर्लिन हे जोडीचं अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं. आवाजाचं चित्र बनवायचं आणि चित्रं ओळखणाऱ्या मॉडेलला द्यायचं, अशी त्याची युक्ती. डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. आपला कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो, तिथे फोनही फसू शकतो. सरावासाठी फेब्रुवारीतली चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट सोयीची, किमान १५ मिनिटांची यादी पुरते. जालन्यात असाल तर घाणेवाडी तलाव आहेच.

परत येताना वडिलांना घेऊन रस्त्याकडेला वीस मिनिटं थांबलो. वेडा राघू, होला, साळुंकी, कोतवाल, टिटवी... एकूण नऊ जाती झाल्या. नीलकंठ नव्हता. वडील म्हणाले, "मग पाठवून काय उपयोग?" मी शेवटच्या प्रश्नाला 'हो' दाबलं आणि यादी पाठवली.