स्थानिक मराठी ख्रिस्ती मंडळी : स्वरूप, रचना आणि शब्द

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात 'चर्च' या संकल्पनेला 'मंडळी' हा प्रतिशब्द रूढ आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' हा नगरातील नागरिकांच्या सभेचा वाचक होता. उपासनेच्या वास्तूशी त्याचा संबंध नव्हता. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी जो शब्द निवडला तो घरातील माणसांना, भजनी मंडळींना आणि नाटक मंडळ्यांनाही लागू पडणारा होता. त्याचे व्याकरणही लक्षणीय आहे. 'मंडळी जमली' असे म्हणताना कर्ता अर्थाने अनेकवचनी आणि रूपाने एकवचनी असतो. स्थानिक ख्रिस्ती मंडळीचे स्वरूप समजून घेण्यास हा शब्द चांगला आरंभबिंदू ठरतो; कारण अनेकांचे एकत्व कोणी घडवायचे आणि त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, हाच या संस्थेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

वसईच्या कॅथलिक समाजाची परिभाषा वेगळी आहे. तेथे 'ख्रिस्तसभा' ही विश्वव्यापी संस्था असून 'धर्मग्राम' हा तिचा स्थानिक घटक होय. धर्मग्रामाला भौगोलिक सीमा असते आणि त्याच्या धर्मगुरूची नेमणूक बिशप करतात. अधिकाराचा ओघ वरून खाली येतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने आणलेली काँग्रिगेशनल परंपरा याच्या नेमकी उलट दिशेने विचार करणारी होती. या मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरात 1831 मध्ये सुरू झाले. अहमदनगरची पहिली मंडळी 1833 मध्ये स्थापन झाली.

या परंपरेच्या तत्त्वानुसार स्थानिक मंडळी स्वयंपूर्ण असते. श्रद्धेची जाहीर कबुली देऊन बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्ती तिचे सभासद होत. नव्या सभासदाचा स्वीकार, दोषी सभासदाविषयी निर्णय आणि पाळकाची निवड हे अधिकार सभासदांच्या सभेकडे असतात. पाळक वचनाची सेवा करतो, बाप्तिस्मा देतो आणि प्रभुभोजनाचा विधी चालवतो. सेवक दानाची व गरजूंची व्यवस्था पाहतात. शेजारच्या मंडळ्या परस्परांशी विचारविनिमय करीत आणि अशा संघाला 'ऐक्य' म्हणत. ऐक्य सल्ला देई. आज्ञा देण्याचा अधिकार तत्त्वतः त्याला नव्हता. 'पाळक', 'वडील', 'सेवक' या पदनामांकडे पाहिले तर राज्यकारभारापेक्षा कुटुंब आणि पशुपालन यांच्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे, हे ध्यानात येते.

तथापि तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर होते. अहमदनगरच्या मंडळीची स्थापना झाल्यावर हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना 1854 मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळेपर्यंत दोन दशके लोटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडळ्या खेडोपाडी पसरल्या. त्यांतील बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते आणि त्यांच्यापाशी जमीन वा रोकड क्वचितच असे. गावच्या शाळेचा शिक्षकच बहुधा उपासना चालवी आणि त्याचा पगार मिशनकडून येई. ज्या सभेला आपल्या पाळकाचा उदरनिर्वाह चालवता येत नाही, तिचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. म्हणून स्वावलंबनाचा प्रश्न हा हिशेबापुरता मर्यादित नव्हता. मंडळी खरोखर कोणाची, हा प्रश्न त्यात दडलेला होता.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास करताना ही पार्श्वभूमी अनेकदा नजरेआड होते. हे साहित्य धर्मांतरित व्यक्तीच्या आत्मनिवेदनाच्या रूपात वाचण्याकडे कल असतो. वस्तुतः त्यातील मोठा भाग मंडळीच्या गरजेतून निर्माण झाला. अक्षरओळख नसलेल्या सभासदांना मुखोद्गत होईल असे गीत हवे होते. इंग्रजी चालींवर बेतलेली पदे त्यांच्या कानाला परकी वाटत. अभंग, पद आणि कीर्तन यांचा स्वीकार झाला तो या कारणाने. आणि जेथे कीर्तन आले तेथे श्रोत्यांचा सहभागही आला. टाळ धरणारा सभासद उपासनेचा केवळ प्रेक्षक राहत नाही. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा आहे. कवीचे नाव ठाऊक नसणारेही त्यांची गीते गातात, हे मंडळीच्या साहित्याचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

मंडळीच्या एकत्वाची खरी कसोटी प्रभुभोजनात लागत असे. एकाच भाकरीचा आणि एकाच द्राक्षारसाचा वाटा घेणे म्हणजे रोटीबंदीचा नियम प्रत्यक्ष मोडणे होय. नियमावलीत समता लिहिणे सोपे होते. पंक्तीत ती आचरणे तितके सोपे नव्हते. या संक्रमणाचे सर्वांत प्रांजळ चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आढळते. पतीचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाईंनी तो निर्णय काही वर्षांनी स्वतंत्रपणे घेतला. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्या मनातून कसे गळत गेले, याचे वर्णन त्या स्वयंपाकघराच्या आणि शेजाराच्या भाषेत करतात. मंडळी ही संस्था आतून कशी अनुभवली जाते, हे त्यातून कळते.

खुद्द टिळकांनी शेवटी मंडळीच्या सीमेविषयीच प्रश्न उपस्थित केला. 1917 मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र येतील असा तो बंधुसंघ होता. सभासदांच्या यादीऐवजी भक्तीचे नाते हा त्याचा पाया होता. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला संस्थेचे स्थैर्य लाभले नाही. येथे एक विरोधाभास दिसतो : यादीविना मंडळी मोकळी होते, परंतु यादीविना ती टिकणे कठीण असते. टिळकांचा प्रयोग अल्पजीवी ठरला. त्याने दाखविलेली अडचण मात्र खरी होती.

पुढे या मंडळ्या 1924 मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. तिच्यात काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन या तिन्ही पद्धतींचा मेळ घालण्यात आला. स्थानिक मंडळीची सभा व निवडलेली समिती कायम राहिली. तिच्यावर बिशपचा धर्मप्रांत आणि त्याही वर सिनड अशी रचना झाली. पाळकांच्या नेमणुका व बदल्या आता धर्मप्रांताच्या पातळीवर होतात. व्यापक ऐक्य साधले, परंतु त्याची किंमत म्हणून सभेने आपला एक जुना अधिकार वरच्या पातळीकडे सोपविला.

तरीही दर रविवारी जे घडते ते बव्हंशी पूर्वीसारखेच आहे. माणसे जमतात, गीत गातात, वचन ऐकतात, दान देतात आणि एका पंक्तीत भाग घेतात. घटना, समित्या आणि पदे या जमण्याला आकार देतात. त्याचे मूळ मात्र जमण्याच्या कृतीतच असते. मराठी भाषांतरकारांनी वास्तूऐवजी माणसांचे नाव या संस्थेला दिले, त्यामागील अर्थबोध येथे स्पष्ट होतो.