तारण ठेवलं आणि झोप उडाली!

कर्जतला गाडी बदलून खोपोली लोकलमध्ये बसलं की डोकं आपोआप वीकएण्ड मोडमध्ये जातं. पळसदरी, केळवली, डोळवली... आणि खोपोलीला उतरलं की मावशीकडचा चहा. गेल्या खेपेला मात्र चहाबरोबर एक गोष्टही मिळाली. मावसभावाची.

तो आयटीवाला. मे 2022 मध्ये कर्जतला वन बीएचके बुक करताना तीन लाख कमी पडत होते. मावशी पाटल्या आणि मोहनमाळ घेऊन तयार! पण हा म्हणाला, ‘‘आई, सोनं राहू दे कपाटात. माझं इथर आहे की.’’

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? फंडा तसा सोपा आहे. इथेरियमवरचे व्यवहार तपासणाऱ्यांना आपलं इथर अनामत म्हणून अडकवावं लागतं. यालाच म्हणतात स्टेकिंग. काम नीट केलं तर मोबदला, वर्षाला साधारण तीनेक टक्के. लबाडी केली तर अनामतीला कात्री. स्वतः तपासनीस व्हायला किमान 32 इथर लागतात. एवढं आपल्याकडे कुठलं? म्हणून ‘लिडो’सारख्या सेवेत थोडंसं इथर टाकायचं. ती बदल्यात स्टेक्ड इथरची डिजिटल पावती देते. हीच पावती तारण ठेवायची आणि डिजिटल डॉलर कर्जाऊ घ्यायचे. जमीन ताबेगहाण दिली की भात सावकार खातो. इथे तारण ठेवूनही पीक आपलंच! भावाला नेमकं हेच जाम आवडलं होतं.

कर्ज देतं कोण? जगभरातल्या लोकांनी एका सामाईक साठ्यात टाकलेले पैसे. हिशेब ठेवतो ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम. ‘मेकर’चं डाय हे नाणं डिसेंबर 2017 मध्ये आलं, ‘आवे’ जानेवारी 2020 मध्ये. साठ्यातून उचल वाढली की व्याजदर चढतो, कमी झाली की उतरतो. मॅनेजर नाही, जामीनदार नाही, सिबिल स्कोअर तर नाहीच. पेण अर्बन बँक 2010 मध्ये बुडताना आणि पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना 2021 मध्ये रद्द होताना पाहिलेल्या रायगडच्या पोराला संचालकांपेक्षा कोड बरा वाटला, तर त्याला दोष कसा देणार? (अर्थात बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. इथे असलं सरकारी कवच नाही.)

पण बॉस, गोम पुढेच आहे. कोड तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे तुमच्या मागे वसुलीला येऊ शकत नाही. म्हणूनच तो कर्जापेक्षा जास्त तारण घेतो आणि ते कमी पडायला लागलं की थांबत नाही. भावाने पाच लाखांची पावती ठेवून तीन लाख उचलले होते. समजा कर्जाची मर्यादा तारणाच्या 80 टक्के. म्हणजे पावतीची किंमत पावणेचार लाखांखाली गेली की संपलं. मग कुणीही तिऱ्हाईत तुमच्या कर्जाचा काही भाग फेडून त्या बदल्यात तुमचं तारण सवलतीत उचलू शकतो. हे काम करायला बॉट टपूनच असतात.

जून 2022 मध्ये इथर काही दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यात पावतीचा भाव खुद्द इथरपेक्षा पाचेक टक्क्यांनी घसरला, कारण स्टेक केलेलं इथर परत काढायची सोयच तेव्हा नव्हती. ती झाली एप्रिल 2023 मध्ये. एका सकाळी भावाने फोन उघडला तर तारणाचा मोठा तुकडा गायब. ना नोटीस, ना ‘साहेब, हप्ता भरा’वाला फोन. सोन्याच्या कर्जात लिलावाआधी निदान नोटीस येते. इथे रात्री तीन वाजता सगळा कारभार उरकला होता.

उरलेलं वाचवायचं तर ताबडतोब कर्ज कमी करणं भाग होतं. पैसे कुठून आणणार? मावशी काही न बोलता उठली आणि कपाट उघडलं. पाटल्या, मोहनमाळ दोन्ही कर्जतच्या बँकेत. त्या सोडवायला त्याला चौदा महिने लागले. त्या काळात लग्नकार्यात मावशी बेन्टेक्सच्या बांगड्या घालून मिरवली, हे मला तिने नाही, त्याने सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

‘‘आता बंद ना?’’ मी विचारलं.

‘‘चालू आहे. पण शंभराच्या तारणावर तीसच उचलतो. आणि भाव घसरायला लागला की फोन वाजेल असा अलार्म लावलाय.’’

आतून मावशीचा आवाज आला, ‘‘त्याचा अलार्म वाजला की आधी मला जाग येते!’’