पोचा पडला म्हणून हक्क गेला?

मिक्सरच्या झाकणाला तडा गेला म्हणून मोटर बिघडली, असं आपण म्हणत नाही. पण लॅपटॉपच्या कोपऱ्याला पोचा दिसला आणि कुणी म्हणालं, 'पडलाय ना? मग आता काही मिळायचं नाही,' की आपण निमूट घरी येतो.

माझ्या भाचीला हेच ऐकावं लागलं. बी.एड.चा अभ्यास आणि ऑनलाइन शिकवण्या, सगळा भार त्या लॅपटॉपवर. वर्षाच्या आतच बॅटरी फुगली, टचपॅड वर आला. 'मावशी, आता कर्ज काढून नवा घ्यावा लागणार गं!' पोर रडवेली झाली. मी म्हटलं, "नकार दिलाय ना? मग कारण लेखी माग." लेखी द्यायचं म्हटल्यावर तंत्रज्ञानं लॅपटॉप उघडून पाहिला. पोचा बिजागरीपाशी होता, बॅटरीला धक्काही नव्हता. बॅटरी फुकट बदलून मिळाली. बिजागरीचे पैसे मात्र तिनंच भरले. तेही रास्तच.

मोठ्या कंपन्यांचे नियमही पाहा. 2019च्या जूनमध्ये अ‍ॅपलनं 15 इंची मॅकबुक प्रोचे काही लॅपटॉप बॅटरी तापून धोका होऊ शकतो म्हणून परत मागवले. ते मुख्यतः सप्टेंबर 2015 ते फेब्रुवारी 2017 या काळात विकलेले होते. बॅटरी बदलणं मोफत होतं. अट एवढीच, की मोडतोड बॅटरी बदलण्याच्या आड येत असेल, तर ती आधी दुरुस्त करायची आणि त्याचा खर्च ग्राहकाला पडू शकतो. म्हणजे नुसत्या ओरखड्यानं हक्क जात नाही.

मात्र आपटल्यामुळेच बॅटरी बिघडली असेल, तर वॉरंटीत ते सहसा बसत नाही. म्हणून मैत्रिणींनो, विचारायचा प्रश्न एकच: 'या पोच्याचा बॅटरीशी संबंध काय?' जाताना बिल न्या, सिरियल नंबर लिहून ठेवा, लॅपटॉप देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

आणि हो, बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका. हक्कासाठी भांडायला वेळ आहे, आगीशी खेळायला नाही!