सेकल: एका नासपतीच्या मालकीहक्काची कैफियत

झाड कोणी लावले याची नोंद क्वचितच कोणत्या दफ्तरात सापडते. परंतु ते ज्या जमिनीवर उभे असते तिची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि हद्दींचे तंटे मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात, आणि सेकल नावाच्या इवल्याशा अमेरिकन नासपतीचे जे पूर्वचरित्र आज हाती लागते, ते बहुतांशी अशा जमिनीच्या व्यवहारांच्या आश्रयानेच टिकून राहिले आहे.

अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याने अमेरिकेतील फळांवर १८४५ साली जो बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात फिलाडेल्फियाचे बिशप विल्यम व्हाइट यांची एक आठवण नमूद आहे. व्हाइट यांचा जन्म १७४८ चा, तेव्हा ही हकिकत अमेरिकन प्रजासत्ताकाच्या स्थापनेपूर्वीची ठरते. त्यांच्या बालपणी शहरात ‘डच जेकब’ या नावाने ख्यात असलेला एक गुरांचा व्यापारी होता. शिकारीचाही त्यास मोठा नाद. शरदाच्या प्रारंभी रानातून परतताना तो अपूर्व मधुर अशा नासपती आणी, त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुक्तहस्ते वाटी, पण त्या कोठून आणल्या हे मात्र कोणासही सांगत नसे. पुढे हॉलंड लँड कंपनीच्या मालकीची त्या बाजूची जमीन तुकडे पाडून विक्रीस निघाली, तेव्हा डेलावेअर नदीलगतची, आपले झाड जीत उभे होते नेमकी तीच पट्टी जेकबने खरेदी केली. कालांतराने ही मिळकत सेकल नामक गृहस्थाकडे आली व फळाला त्याचे नाव मिळाले. त्याहीनंतर ती फ्रान्सहून आलेला धनाढ्य सावकार स्टीफन जिरार्ड याच्या इस्टेटीत समाविष्ट झाली. १८३१ साली मृत्यू पावलेल्या या जिरार्डने आपल्या अफाट संपत्तीचा मोठा भाग अनाथ मुलांच्या विद्यालयासाठी लिहून ठेवला होता.

जेकबच्या गुप्ततेला कोणी कार्पण्य म्हणेल; मला तसे वाटत नाही. फळे वाटून टाकणाऱ्या माणसाला कृपण कसे म्हणावे? आपोआप उगवलेल्या, कोणीही सरपणासाठी तोडले असते अशा रानरोप्याला त्याने जमिनीच्या मालकीचे संरक्षण मिळवून दिले, हे त्याचे उपकार मोठे आहेत. मात्र एवढ्यावरच गोष्ट थांबती, तर एखाद्या वादळाने वा नदीच्या पुराने ही जात कायमची नाहीशी झाली असती; कारण नासपतीचे बी पेरले असता मातृवृक्षाचे गुण उतरत नाहीत, आणि ते फळ हवे असेल तर त्याच झाडाची काडी अथवा डोळा दुसऱ्या खुंटावर बसवण्यावाचून गत्यंतर नसते. १८१७ मध्ये न्यू जर्सीच्या विल्यम कॉक्स याने आपल्या फळबागांवरील ग्रंथात सेकलचे वर्णन केले, न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड होसॅक यांनी १८१९ साली तिची झाडे लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे रवाना केली. आज जगात जेथे जेथे खरी सेकल उभी आहे, तेथे तेथे डेलावेअरकाठच्या त्या एकाच वृक्षाचे शरीर, निरनिराळ्या मुळांवर, वाढत आले आहे.

फळ कागदी लिंबाहून थोडेच मोठे. साल मळकट हिरवी-तपकिरी, उन्हाच्या बाजूस तांबूस. गर मात्र रसाळ, दाट गोडीचा आणि मसाल्याच्या सुगंधाचा. बाजाराला ही चण परवडत नाही. तोडणी, वर्गवारी, बांधणी या सर्वांची मजुरी लहान फळावर अधिक पडते, आणि गिऱ्हाईक तर आकार पाहूनच हात पुढे करते. म्हणूनच मी आग्रहाने म्हणतो की या जातीचे खरे ठिकाण घरामागची बाग हेच होय. तिचे झाड स्वभावतः आटोपशीर, संथ वाढणारे, फळावर यावयास विलंब लावणारे, पण दीर्घायुषी असते. त्याला हिवाळ्याची दीर्घ थंडी आवश्यक असल्याने पुण्या-नाशिकच्या परसात त्याची आशा करणे व्यर्थ आहे. परंतु न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही जात जणू उंबरठ्यावरच लाभली आहे, आणि तिचा हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, म्हणजे पुष्कळदा गणेशोत्सवाच्या सुमाराचाच, असल्याने नैवेद्याच्या ताटात तिला स्थान देणे अगदी सहज शक्य आहे.

लावताना शेजाराचा विचार अगत्याने करावा. नासपतीला बहुधा परकी जातीचा पराग लागतो, हे मर्टन वेट या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात व्हर्जिनियातील बागांच्या निरीक्षणावरून सिद्ध केले. सेकलच्या बाबतीत विशेष अडचण अशी की सर्वत्र सहज मिळणारी बार्टलेट जात तिला चालत नाही व बार्टलेटलाही सेकल चालत नाही. तेव्हा जवळ बॉस्क किंवा आंजूसारखी तिसरी जात हवी. शिवाय नासपतीच्या फुलांतील मध पातळ असल्यामुळे मधमाश्या इतर फुलांकडे वळतात, म्हणून ही तिसरी जात दूर असून चालत नाही.

खरा शत्रू आहे ‘फायर ब्लाइट’ हा करपा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हडसनच्या खोऱ्यात त्याची प्रथम नोंद झाली. तो जंतूमुळे होतो हे इलिनॉयच्या थॉमस बरिल याने सुमारे १८८० मध्ये दाखवले, आणि वनस्पतींना जंतूपासून रोग होतो याचा तो आद्य पुरावा ठरला. उबदार, दमट हवेत तो फुलांतून शिरतो. कोवळे शेंडे आकड्यासारखे वळून काळे पडतात, जणू आगीने होरपळले. सेकल त्याला पुष्कळ दाद देत नाही, पण अभेद्य नव्हे. खताचा, विशेषतः नत्राचा, मारा केल्यास लुसलुशीत वाढ होते आणि रोगाला आमंत्रण मिळते. रोगट फांदी दिसणाऱ्या खुणेच्या खाली वीतभर तरी निरोगी लाकडात कापावी व प्रत्येक कापणीनंतर हत्यार निर्जंतुक करावे.

नासपती झाडावरच पूर्ण पिकू दिल्यास आतून बाहेर नासत जाते. फळ हळूच आडवे उचलून पाहावे. देठ फांदीपासून विनासायास सुटला तर तोडणीची वेळ झाली, मग ते घरात पिकू द्यावे. सेकल या बाबतीत इतर जातींहून क्षमाशील आहे, झाडावरही बरीच गोड होते. देठासकट अख्खी फळे सिरका, साखर, लवंग व दालचिनीत शिजवून बरणीत भरण्याची तिकडे जुनी रीत आहे, आणि हे फळ इतके लहान असल्यामुळेच ती शोभते.

ज्यांच्या अंगणात कॅलरी नासपतीचे शोभेचे झाड आहे, त्यांनी ते उपटण्याची घाई करू नये, अशी माझी सूचना आहे. करप्याला तोंड देणारा खुंट म्हणून आशियातून आणलेले हे झाड पुढे शोभेसाठी सर्वत्र लावले गेले आणि रानोमाळ इतके पसरले की पेन्सिल्व्हेनियाने २०२२ साली त्यास उपद्रवी तणांच्या यादीत घातले. त्याच्या खोडावर सेकल बसवता येते. जानेवारी-फेब्रुवारीत, झाड विश्रांतीत असताना, सेकलच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गतवर्षीच्या काड्या कापाव्यात, ओलसर कागदात गुंडाळून थंड जागी ठेवाव्यात, आणि वसंतात डोळे फुगू लागताच कॅलरीचे खोड छाटून पाचर कलम करावे. सालीखालच्या हिरव्या थराशी थर जुळणे एवढेच त्यात महत्त्वाचे. त्यानंतर खालून कॅलरीचे जे फुटवे येतील ते दर वर्षी निर्दयपणे काढून टाकावे, अन्यथा तेच जोर धरून कलमाला उपाशी मारतात.