पाचवीपासूनची शाळा: वेळ, गणवेश, वर्तणूक

गावातली शाळा चौथीपर्यंतच असली की पाचवीला मूल हायस्कुलात जातं. तिथं एका बाईंच्या जागी सहा-सात शिक्षक येतात, दर तासाला विषय बदलतो आणि दिवस घंटेवर चालू लागतो. पाचवी ते आठवीच्या मुलांकडून शाळेची अपेक्षा काय, हे पालकांना बहुतेकदा डायरीत शेरा आल्यावरच कळतं. ते जूनमध्येच कळलेलं बरं.

आधी वेळ. शाळा 10.30 ची असेल तर पहिली घंटा त्याआधी होते. तेवढ्यात दप्तर वर्गात ठेवून मैदानावर रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या घंटेला परिपाठ: राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या. राष्ट्रगीत सुरू असताना फाटकात पोहोचलेल्या मुलानं तिथंच सावधान उभं राहायचं, पळत येऊन रांगेत घुसायचं नाही. परिपाठ संपला की उशिरा आलेल्यांना बाजूला थांबवतात, कारण विचारतात, वहीत नाव लिहितात आणि वर्गात सोडतात. कॅटलॉगमधली हजेरी बऱ्याच शाळांत मधल्या सुट्टीनंतर पुन्हा घेतली जाते, त्यामुळे डबा खाऊन घरी पळालेलं मूल लगेच सापडतं.

इथं कारण विचारणं फार महत्त्वाचं आहे. अकरा वर्षांची मुलगी पाणी भरून, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून निघते आणि फाट्यावर एसटीची वाट बघते. ग्रामीण मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, पण गाडी वेळेवर येणं तिच्या हातात नसतं. गाडी रोजच उशिरा येत असेल तर पालकांनी वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी आणि मुख्याध्यापकांमार्फत आगारप्रमुखांकडे वेळ बदलण्याचा अर्ज करावा. अशा मुलीला फाटकाबाहेर उभं करणं हा सरळ अन्याय आहे.

गणवेशाचं गणित पावसाळ्यात अवघड होतं. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत समग्र शिक्षा योजनेतून आठवीपर्यंतच्या पात्र मुलांना वर्षाला दोन जोड मिळतात. 2024-25 मध्ये राज्यभर एकसारखा गणवेश देण्याचा प्रयोग झाला. अनेक ठिकाणी कपडे उशिरा पोहोचले आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. अनुदानित खासगी शाळांत बहुधा खर्च घरचाच. शिवून घेताना शिंप्याला खाली चांगली दोन बोटं दुमड ठेवायला सांगा, या वयात मुलं एका वर्षात उंच होतात. शनिवारी सकाळची शाळा आणि कवायतीचा पोशाख, म्हणून शुक्रवारी रात्रीच तो वाळलाय का ते पाहावं. ओला असेल तर चिठ्ठी पाठवून साध्या कपड्यांत पाठवा, पण घरी ठेवू नका. दोन वेण्या, रिबिनी, बुटांचा रंग याबाबत शाळांनी हात सैल सोडावा असं मला वाटतं. स्वच्छ कपडे आणि कापलेली नखं पुरेशी आहेत.

वर्तणुकीचे नियम थोडे असतात: विचारून वर्गाबाहेर जाणं, मोबाईल न आणणं, पोषण आहाराच्या रांगेत ढकलाढकल न करणं, कुणाला जातीवरून, रंगावरून, अंगावरून न चिडवणं. शेवटचा नियम मला सर्वांत मोठा वाटतो आणि तो मोडतो बहुतेक शिक्षक नसलेल्या तासाला. मॉनिटरनं फळ्यावर नावं लिहून तो पाळला जात नाही. वर्गशिक्षकांना चिडवणाऱ्या आणि चिडवल्या गेलेल्या, अशा दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलावं लागतं.

नियम मोडल्यावर काय होतं? आधी तोंडी समज, मग डायरीत नोंद, मग पालकांना बोलावणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. अंगठे धरून उभं करणं किंवा वर्गासमोर अपमान करणं यातच मोडतं. कलम 16 मुळे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. तक्रार असेल तर शाळेतली तक्रारपेटी आणि व्यवस्थापन समिती आहेच.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तो दाखला हाती येण्याची वाट पाहू नका. पहिल्या पालकसभेला जा, नियम लेखी मागून घ्या आणि मुलासोबत बसून वाचा.