पातळ पेज, भरलेले पोट आणि उपाशी बाळ

सहा महिने पूर्ण झाले, की बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न लागते. उष्टावणानंतर बहुधा पेज सुरू होते. बाळाला गिळता यावी म्हणून ती पातळ करतात. बाळ पोटभर पिते, तरीही काही बाळांचे वजन वाढत नाही. असे का होते?

थोडे गणित करू. ५ ग्रॅम नाचणीचे पीठ घालून १०० मिलिलिटर पेज केली, तर तिच्यातून सुमारे १७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेवढ्याच आईच्या दुधातून सुमारे ६५ मिळतात. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी हव्यात. म्हणजे ही पेज जवळजवळ १२०० मिलिलिटर पाजावी लागेल! ७ किलोच्या बाळाच्या जठरात मात्र एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावते. पोट भरते, पण पाण्याने.

मग पीठ चौपट घालावे का? घातले तर गोळा होतो. गरम पाण्यात पिष्टाचे कण फुगतात, त्यातील रेणूंच्या लांब साखळ्या पाणी धरून ठेवतात.

येथे मोड उपयोगी पडतात. रुजणाऱ्या दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते या साखळ्यांचे लहान तुकडे करते. तुकडे पाणी धरत नाहीत. पेज पातळ होते, ऊर्जा मात्र तेवढीच राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर काम केले.

नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात वाळवावी. मोड चोळून काढावेत आणि दाणे मंद आचेवर किंचित भाजून दळावेत. खरपूस भाजल्यास विकर नष्ट होते.

वर्गात हे करून पाहा. २० ग्रॅम साधे पीठ १०० मिलिलिटर पाण्यात शिजवा. गोळा सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्या व त्याचे दोन भाग करा. एकात अर्धा चमचा मोडाचे पीठ, दुसऱ्यात तेच पीठ खरपूस भाजून घाला. दहा मिनिटे ढवळा. कोणता भाग पातळ झाला? का?

घरी बाळासाठी अशी पेज केल्यास ती पातळ झाल्यावर पुन्हा उकळावी, म्हणजे पिठातील जंतू मरतात. नंतर ती कोमट करून ताजीच भरवावी.

मात्र मोडांनी सर्व गरजा भागत नाहीत. पेजेत मुगाची शिजवलेली डाळ व चमचाभर तेल किंवा तूप हवे. लोहासाठी पालेभाजी, चालत असल्यास अंडे किंवा मांसही मऊ करून द्यावे. आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत वा त्यापुढेही चालू ठेवावे.