जाम झालेले आउटबोर्ड इंजिन
होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचे आउटबोर्ड इंजिन ओले एविनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या यंत्रकाराने १९०९ च्या सुमारास अमेरिकेतील मिलवॉकी येथे बाजारात आणले, आणि वर सिलिंडर व दट्ट्या म्हणजे पिस्टन, मधून खाली उतरणारा उभा दांडा आणि पाण्याखाली गिअर व पंखा ही त्याची मांडणी आजतागायत टिकून आहे. दोरी ओढूनही वरचे जड चक्र, म्हणजे फ्लायव्हील, हलत नसेल तर बहुतेक जण सरळ जोर लावतात, आणि इंजिनाचे खरे नुकसान पुष्कळदा तेथूनच सुरू होते.

काही इंजिनांत गिअर लागलेला असताना दोरी ओढली जाऊ नये अशी अटकाव-योजना असते, म्हणून प्रथम गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री करावी लागते. त्यानंतर स्पार्क प्लग काढावेत, कारण पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये ते साचलेले असेल तर निर्दोष दट्ट्याही जागच्या जागी अडतो. तरीही चक्र हलले नाही, तर खालचा गिअरभाग उतरवून पाहावा. तो वेगळा होताच चक्र मोकळे झाले, तर दोष गिअरमध्ये किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि तेथील तेल दुधाळ झालेले आढळले तर पाणी आत शिरल्याचा तो पुरावाच समजावा.

दोष वरच्या भागात असेल, तर इंजिन गरम होऊन अडकले की गंजून, हा भेद निर्णायक ठरतो. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण इंधनातच मिसळलेले असते (अनेक इंजिनांत पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल), आणि ते कमी पडले किंवा थंड पाणी वर चढवणारे पंपाचे रबरी चाक झिजले, की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावणारा ॲल्युमिनियमचा दट्ट्या सिलिंडरला घासून चिकटतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार मंदावणे ही त्याची पूर्वसूचना असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे फार महाग पडते. गंजाचे कारण मात्र इंजिन बंद असतानाच्या काळात दडलेले असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या जातात, आणि गोड्या पाण्याने न धुतलेल्या व आत तेल न सोडलेल्या इंजिनाच्या रिंगा खाऱ्या ओलाव्याने सिलिंडरला धरून बसतात.

गंजलेले इंजिन सोडवताना प्लगच्या भोकातून पातळ भेदक तेल सोडून ते एक-दोन दिवस मुरू द्यावे, मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने व उलट असे थोडे थोडे हलवावे. हातोडा मारू नये, इलेक्ट्रिक स्टार्टरही लावू नये. पाण्यात बुडालेले इंजिन काढल्यावर त्यात वाळू गेल्याची शंका असेल, तर ते फिरवण्याआधी खोलणेच योग्य, कारण वाळूचे कण सिलिंडरची भिंत ओरबाडतात. इंजिन मोकळे झाले तरी लगेच समुद्रात नेऊ नये. दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, त्यांत मोठा फरक आढळल्यास हेड उघडावे, भिंतीवर ॲल्युमिनियम लिंपले गेले असेल तर सिलिंडर घासून अथवा बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या बसवावा, आणि पंपाचे रबरी चाक त्याच वेळी बदलून घ्यावे.